नमुना क्रमांक सात

१२ ऑगस्ट १९९६

अंगदच्या संशोधनाला अनुदान मंजूर झालं. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये स्वतःच्या हाताने पेढे वाटले. मी दोन घेतले. एक घेतला असता तर लोक म्हणाले असते, केदारनाथ सरांना गोड लागला नाही.

विषय काय, तर अर्जुनाच्या सालीतली द्रव्यं आणि हृदयरोग्यांच्या रक्तातलं ऑक्सिडीकरण. अर्जुन! सिंदफणेच्या काठचा एकेक अर्जुन मी धरण बांधायच्या आधीपासून ओळखतो. त्यातले निम्मे आज पाण्याखाली आहेत, पण त्यांची यादी माझ्या कपाटात टाईप करून ठेवलेली आहे. वनस्पतीशास्त्र शिकवतो कोण? मी. आणि हे महाशय कोण? दिंद्रुडच्या छबुबाईंचा मुलगा, बी.एस्सी.ला माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा. पुढे रसायनशास्त्राकडे गेला, औरंगाबादला पीएच.डी. केली आणि इथेच येऊन माझ्याच टेबलासमोरच्या खुर्चीत बसला.

हेव्याचा प्रश्न नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. झाडाबद्दल झाडवाल्याला विचारायला हवं.

१४ ऑगस्ट

विचारायला आला! संध्याकाळी घरी. उमाने लगेच धपाटे आणि दही पुढे ठेवलं. मी कॉलेजातून आलो की चहासाठी दोन हाका माराव्या लागतात.

पिशवीतून त्याने सालीचे पाच तुकडे काढले. म्हणाला, "सर, बाजारात ऐनाची साल अर्जुनाची म्हणून इकतेत. मला फरक कळना. तुमी वळखून द्या. पेपरवर तुमचं बी नाव टाकतो."

तुमचं *बी*. या एका अक्षराचा घास माझ्या घशाखाली उतरेना. मी म्हणालो, परीक्षेचं काम आहे, वेळ नाही.

तो तुकडे तसेच ठेवून गेला. मी ते हातात घेतले मात्र, मिनिटात कळलं. दोन ऐनाचे होते, मगरीच्या पाठीसारखे खरबरीत. तीन अर्जुनाचे, बाहेरून करडे गुळगुळीत, आतून गुलाबी. चुकीची साल रोग्यांच्या पोटात जाणं बरं नाही, म्हणून चिठ्ठ्या चिकटवून प्रयोगशाळेच्या शहादेवबरोबर पाठवून दिले. खाली नाव घातलं नाही.

२८ ऑगस्ट

विज्ञान मंडळात अंगदचं भाषण. मी मागे बसलो, म्हणजे मधेच उठता येईल.

म्हणाला, शेंगदाण्याचं तेल डब्यात बरेच दिवस राहिलं की खवट होतं. हवेतला ऑक्सिजन त्याला खातो. तसंच आपल्या रक्तातलं चरबीचं द्रव्य खवट होतं आणि मग रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तेही त्यातलंच. वनस्पतींना ही आच रोजची, म्हणून त्यांनी सालीत, पानात तुरट द्रव्यं साठवलेली असतात. ती स्वतः आधी जळतात आणि बाकीच्याला वाचवतात. रक्तात खवटपणा किती, हे परीक्षानळीत एक रसायन घालून उकळलं की कळतं. रंग जितका गुलाबी, तितका खवटपणा जास्त.

मुली वह्यांत उतरवून घेत होत्या. वीस वर्षांत हे मी इतक्या सोप्या भाषेत एकदाही सांगितलं नाही. आणि हे लिहिताना मला शरम वाटण्याऐवजी त्याचा राग येतो आहे.

मधेच उठलो नाही. शेवटपर्यंत ऐकलं. बाहेर येताना जिन्यावर छातीत जळजळ झाली. उमाने दुपारच्या भाजीत तेल जास्त घातलं होतं.

८ सप्टेंबर

अंगदला दोन गट हवेत. एक हृदयरोग्यांचा, तो डॉक्टरांकडून मिळाला. दुसरा चाळिशीच्या पुढच्या निरोगी माणसांचा, पंधरा जणांचा. तो कॉलेजातूनच गोळा करायचा आहे. निरोगी कोण, तर फॉर्मवरच्या दहा प्रश्नांना जो ‘नाही’ लिहील तो. ही आपल्याकडची शास्त्रीय पद्धत!

मी पहिलं नाव दिलं. अंगदला आनंद झाला. त्याला काय माहीत मी का दिलं. पन्नासाव्या वर्षी माझं रक्त त्याच्या सगळ्या नळ्यांत सगळ्यांत स्वच्छ निघणार आणि ते त्याला स्वतःच्या हाताने वहीत लिहावं लागणार.

फॉर्म भरला. छातीत दुखतं का? नाही. पित्ताला कोणी छातीत दुखणं म्हणत नाही. धाप लागते का? नाही. तंबाखू? नाही. जेवणानंतर चुना लावून चिमूटभर दाढेखाली ठेवतो, त्याला तंबाखू खाणं म्हणायचं तर या गावात निरोगी माणूस मिळणार नाही.

आजपासून रोज दोन चमचे मोरावळा.

१७ सप्टेंबर

काल गणपती बसले. आज मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन, सगळे हजर, म्हणून अंगदने आजच रक्त घेतलं. मी पहाटे उठून लिंगपूजा केली, भस्म लावलं, पाण्याशिवाय काही घेतलं नाही. रांगेत पहिला उभा राहिलो. बाटलीवर नाव नाही, फक्त आकडा, तोही मागाहून चिठ्ठ्या उचलून दिलेला. कोणाचा कोणता ते अंगदच्या कुलूपबंद वहीत. तेवढी शिस्त त्याला आहे, हे कबूल करतो.

सुई टोचताना तो म्हणाला, "सर, तुमच्यामुळं बाकीचे बी तयार झाले." पुन्हा ‘बी’. पण या वेळी बरं वाटलं.

२५ सप्टेंबर

आज दुपारी प्रयोगशाळेत सहज डोकावलो. (सहज नव्हे. दोनदा जाऊन आलो होतो, अंगद आत होता.) वीज गेलेली, म्हणून शहादेव स्टोव्हवर पाणी उकळत होता आणि त्यात नळ्या उभ्या होत्या. निरोगी गटाच्या सगळ्या फिक्या, आणि मधेच एक डाळिंबासारखी.

शहादेव म्हणाला, "ह्या सात नंबरनं अंगद सरांना येडं केलंय. तिसऱ्यांदा लावलीय ही नळी. दर बारीला तसाच रंग."

मला इतका आनंद झाला की लपवता येईना. शहादेवला म्हणालो, "पंधरा धडधाकट माणसंसुद्धा नीट निवडता येत नाहीत तुझ्या सरांना." तो माळकरी माणूस, कोणाच्या वाईटावर हसत नाही. त्याने फक्त स्टोव्हला पंप मारला.

कोण असेल सात? मला वाटतं ग्रंथपाल. त्याचं पोट बघा.

३ ऑक्टोबर

अंगदने आज पुन्हा विचारलं, "सर, तब्येत कशी हाय?" या आठवड्यात तिसऱ्यांदा.

"ठणठणीत."

"झोप लागती का? जिना चढताना काही?"

"अंगद, मी तुझ्या वयाचा असताना परळीच्या वैजनाथाला सिरसाळ्याहून चालत गेलतो. तू गेलतास का?"

मला म्हातारा ठरवायचं चाललं आहे. विज्ञान शाखेचं प्रमुखपद दोन वर्षांत रिकामं होणार, हे सगळ्यांना माहीत आहे. घरी आलो तर उमाही विचारते, "अहो, तुमचा डावा हात कावून चोळायलाव?" म्हणालो, अंगदने शिकवून पाठवलं का? तर म्हणाली, "तो चांगलाच हाय की. मला रस्त्यात भेटलता, तुमच्या जेवणाचं इचारत व्हता."

माझ्या जेवणाचं! माझ्या बायकोला! रस्त्यात!

२० ऑक्टोबर

दसरा. सोनं द्यायला अंगद आला. पाया पडला. चार प्राध्यापक बसलेले असताना हळूच म्हणाला, "सर, बीडला एकदा कार्डिओग्राम काढून घ्या की. डॉक्टर माझ्या वळखीचे हायत. मी संगं येतो."

मी मोठ्याने म्हणालो, "कावून बे, तुझ्या संशोधनाला रोगी कमी पडायलेत का?"

सगळे हसले. अंगद हसला नाही. आपट्याची पानं माझ्या हातात देऊन गेला. वाक्य चांगलं जमलं होतं, पण ते आठवून संध्याकाळी मला हसू आलं नाही.

१६ नोव्हेंबर

दिवाळी संपली. फराळाने पित्त खवळलं आहे. आज वरच्या मजल्यावर तास होता, मधल्या पायरीवर बसावं लागलं. जळजळ जबड्यापर्यंत आली, घाम फुटला. पाच मिनिटांत गेली. एक विद्यार्थिनी पाणी घेऊन आली. तिला म्हणालो, खडू पडला होता, तो शोधत होतो.

२३ नोव्हेंबर

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

अंगदने आतापर्यंतचं काम मांडलं. विद्यापीठातून एक ज्येष्ठ प्राध्यापक आले होते. सभागृह भरलेलं. रोग्यांच्या गटात खवटपणा जास्त, निरोग्यांच्या कमी, गोळ्यांच्या जोडीला ज्यांनी दुधात उकळलेली अर्जुनाची साल घेतली त्यांचा दोन महिन्यांत थोडा उतरला. सगळं नीटनेटकं. टाळ्या वाजल्या. विद्यापीठाचे गृहस्थ प्राचार्यांच्या कानात काही तरी बोलले आणि प्राचार्य खुलले. माझ्या वीस वर्षांत असं कोणी माझ्याबद्दल कोणाच्या कानात बोललं नाही.

मी उभा राहिलो. म्हणालो, निरोगी गटातला सात नंबरचा नमुना रोग्यांपेक्षाही वाईट आहे, तो तुम्ही तीनदा तपासलात. हे खरं की नाही? खरं असेल तर तो तक्त्यात का नाही? तुम्हाला नको असलेला आकडा गाळायचा, याला संशोधन म्हणतात का?

अंगदने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "सरांचं बरोबर आहे. तो नमुना मी बाजूला ठेवला. कारण सांगता येणार नाही."

कारण सांगता येणार नाही! विद्यापीठाच्या गृहस्थांनी चष्मा काढून ठेवला. प्राचार्यांचं तोंड उतरलं. चौकशी समिती नेमली, ९ डिसेंबरला बैठक. तोवर काम बंद. समितीचं मत विरुद्ध गेलं तर अनुदान परत आणि अंगदच्या नावावर कायमचा डाग.

मी जिंकलो. घरी येऊन उमाला सगळं सांगितलं. तिने ताट वाढलं आणि आत गेली.

२४ नोव्हेंबर, रविवार

अंगद सकाळी आला. बसला नाही. उमा दारात उभी होती.

"सर, सात नंबर तुमी हायत."

मला वाटलं, सूड घेतोय.

तो म्हणाला, "नुसत्या या टेस्टवरून रोग ठरत न्हाई. तंबाखूनं बी रंग चढतो. पण तुमी हात चोळता, जिन्यात थांबता, ते मी रोज बघायलोय. फॉर्मवर तुमी समदं ‘न्हाई’ लिवलं. तुमाला निरोगी म्हणून तक्त्यात कसं धरू? आणि रोगी म्हणून तरी कसं लिवू? म्हणून बाजूला ठिवलं."

"काल भरसभेत का नाही सांगितलंस?"

"तुमचं नाव घेऊन?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. छबुबाईंचाही उद्धार केला, त्या बिचारीने माझं काय वाकडं केलं होतं! अंगद चप्पल घालून निघाला. फाटकाशी वळून एवढंच म्हणाला, "मी कुणाला सांगणार न्हाई, सर. तुमी फक्त कार्डिओग्राम काढा."



१ डिसेंबर, रविवार

अंगदचा खोटेपणा उघडा पाडायचा, तर त्याच्याच पद्धतीने. कॉलेज बंद होतं. शहादेवला बोलावलं. कंपाउंडर येऊन दोघांचं रक्त काढून देऊन गेला. एक नळी माझी, एक शहादेवची. वय सारखंच. त्याच्या तोंडाला ना तंबाखू ना सुपारी. पाणी उकळत ठेवलं आणि आम्ही दोघं स्टुलांवर बसून राहिलो.

शहादेवच्या नळीत सायीत केशराची काडी बुडवावी तेवढा रंग आला. माझी चढत गेली. चढतच गेली.

मी नळ्यांची अदलाबदल झाली का ते पाहिलं. चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात होत्या. शहादेव म्हणाला, "सर, परत लावू का?" म्हणालो, लाव. रक्त शिल्लक होतं. परत तोच रंग.

शहादेवला सगळं कळलं. सात नंबर कोण हे त्याला आता सांगावं लागलं नाही. त्याने नळ्या धुतल्या, माझा हात धरून मला तीन पायऱ्या उतरवल्या आणि सायकल ढकलत घरापर्यंत आला.

मला भीती वाटते आहे. हे लिहायला इतके महिने लागले.

६ डिसेंबर

काल उमाबरोबर बीडला जाऊन कार्डिओग्राम काढला. डॉक्टरांनी पट्टी दोनदा पाहिली. विचारलं, मागे कधी अटॅक येऊन गेला का? म्हणालो, नाही, पित्त आहे. ते म्हणाले, मास्तर, दिवाळीच्या सुमाराला एक येऊन गेलेला दिसतो. औरंगाबादला १० तारखेला तपासणी ठरली, रक्तवाहिन्या कुठे तुंबल्या ते बघणार. जिभेखाली ठेवायची गोळी दिली. तंबाखू त्याच क्षणी बंद.

येताना एस.टी.त उमा खिडकीकडे तोंड करून रडत होती. मी तिला म्हणालो, अर्जुनाची साल घेईन, माझी ओळखीची झाडं आहेत. ती म्हणाली, "अंगदला इचारा आदी." मला राग आला, आणि मी विचारलं. एस.टी. स्टँडसमोरच्या बूथवरून त्याला फोन केला. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा बोललो. तो म्हणाला, "सर, माझं अजून सिद्ध झालेलं न्हाई. डॉक्टर म्हणतील ते पहिलं. सालीचं त्यांना इचारून, आणि मागून." इतक्या कामानंतर स्वतःच्याच सालीबद्दल असं बोलणं मला जमलं असतं का?

७ डिसेंबर

खरं ते लिहितो, ही वही दुसरं कोणी वाचत नाही.

परवा समितीपुढे मी गेलोच नाही, तर काय होईल? आजारी माणसाला कोण बोलावतं? अंगद नाव सांगणार नाही, शहादेवही नाही. अनुदान परत जाईल. दोन वर्षांनी विज्ञान शाखेचा प्रमुख मीच होईन. दिवसभर हा विचार मी गोळीसारखा जिभेखाली ठेवला. गोड लागत होता, हेही लिहितो.

दुपारी त्याचा हेवा वाटायची सगळी कारणं आठवत बसलो. पीएच.डी., भाषण, प्राचार्यांचे पेढे, उमाचे धपाटे. एकही कारण असं सापडेना की ज्यासाठी त्याला बुडवावं.

८ डिसेंबर, रविवार

प्राचार्यांना पत्र लिहिलं. निरोगी गटातला नमुना क्रमांक सात माझा. तंबाखू आणि छातीतलं दुखणं मी फॉर्मवर लपवलं. अंगद यांनी तो बाजूला ठेवला आणि माझी लाज राखण्यासाठी कारण सांगितलं नाही. माझा आक्षेप मी मागे घेतो. चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन मसुद्यांत मी स्वतःला जरा बरा दाखवला होता.

उमाने वाचलं. म्हणाली, "पत्र पाठवू नका. हातानं द्या."

९ डिसेंबर, औरंगाबाद

दवाखान्यातल्या खाटेवर लिहितो आहे. नर्सने दहा मिनिटं दिली आहेत.

सकाळी औरंगाबादला निघताना भाड्याची जीप कॉलेजच्या दारात उभी केली. उमा आत बसून राहिली. समिती अकराला बसणार होती, मी साडेदहालाच प्राचार्यांच्या खोलीत गेलो. अंगद भिंतीशी उभा होता. मला पाहून दचकला. मी पत्र टेबलावर ठेवलं.

प्राचार्यांनी ते वाचलं. ड्रॉवरमधून दुसरा कागद काढून माझ्यासमोर सरकवला. अंगदचा अर्ज. निरोगी गटाची निवड करताना माझ्याकडून चूक झाली, जबाबदारी सर्वस्वी माझी, प्रकल्प बंद करावा, अनुदान मी परत करतो. कोणाचं नाव नाही. खाली तारीख २५ नोव्हेंबर.

मी त्याच्या आईला शिव्या दिल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

प्राचार्य म्हणाले, "आता मी काय करू? हा म्हणतो चूक माझी, तुम्ही म्हणता माझी. फाईलला एकच लावता येईल."

मी तो अर्ज पुन्हा वाचला. आणि काय सांगू, छातीत पहिल्यासारखाच हेवा उसळला. पेढ्यांच्या दिवशी वाटला नव्हता इतका. माझ्या चांगुलपणाला चार मसुदे आणि एक कार्डिओग्राम लागला. त्याला एक रात्रसुद्धा पुरी लागली नव्हती.

"माझं लावा," मी म्हणालो. त्याचा अर्ज उचलला आणि फाडला. अंगद "सर, आवं सर" करत राहिला. प्राचार्यांनी माझ्या पत्रावर शिक्का मारला आणि शिपायाला सांगितलं, समितीला आत बोलाव.

बाहेर पडताना माझ्या हातात कपड्यांची पिशवी होती, जीपमध्ये ठेवायची विसरून आत घेऊन गेलो होतो. जीप वीस पावलांवर. अंगद मागून आला.

"सर, पिशवी द्या."

मी दिली.